चेंडू पकडला खरा, पण हाताने की कमरेने? स्ट्रोकनंतरच्या व्हीआर थेरपीबद्दल

प्रश्न असा आलाय: बाबांना पाच महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली होती, आता काठी घेऊन चालतात पण उजवा हात अजून नावालाच आहे, खांदा थोडा उचलतात, कोपर वाकतं, बोटं मिटतात पण उघडत नाहीत. फिजिओ चालू आहे तिथे आता व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) थेरपी सुचवली आहे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून गेमसारखे व्यायाम. याने खरंच काही होतं का, की नुसता देखावा आहे? आणि होत असेल तर हेडसेट विकत आणून घरीच रोज करून घेतलं तर चालेल का?

मी न्यूरो फिजिओ आहे, सोळा वर्षं बहुतेक स्ट्रोकचेच पेशंट बघते, आणि गेली सात-आठ वर्षं स्क्रीनवरचं आणि हेडसेटचं असं दोन्ही प्रकारचं व्हीआर रोजच्या कामात वापरते. त्यामुळे आधी थेट उत्तर देते. फायदा होतो, पण तो हेडसेट डोक्यावर चढवला म्हणून होत नाही, बाबांचा जो हात दिवसभर मांडीवर पडून असतो तो वीस मिनिटं सलग, लक्ष देऊन आणि नीट हलला तर होतो, आणि यातलं "नीट" हे हेडसेटला कळत नाही, ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळतं. घरी आणायचं की नाही हे पण त्या "नीट"वरच ठरतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता हे का ते सांगते, कारण कारण कळलं की तुम्ही स्वतःच सेशनमध्ये बसून बघू शकाल की बाबांचं काम बरोबर चाललंय की नाही.

स्ट्रोकनंतर मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, आजूबाजूचे आणि मेंदूच्या दुसऱ्या बाजूचे जिवंत भाग ते काम थोडं थोडं अंगावर घेतात, आणि ते घ्यायला लावायचं तर तीच हालचाल खूप वेळा, खूप म्हणजे खूप वेळा करावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांमध्ये मेंदूत बदल दिसला तो एका दिवसात शेकड्याने हालचाली करून घेतल्यावर, चारशे-सहाशे अशा. आणि प्रत्यक्षात थेरपीत किती होतात? कॅथरीन लँग या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या ७ ठिकाणी बसून ३१२ सेशन मोजली, २००९ मध्ये ते छापून आलं. हाताने काहीतरी कामाची हालचाल करण्याचा सराव जिथे झाला तिथे सरासरी निघाली ३२. एका सेशनला बत्तीस! मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्याच पेशंटच्या हालचाली मोजल्या, आणि चाळीसच्या पुढे कोणी गेलं नाही. यात थेरपिस्ट कामचुकार असतो असं नाही, सेशनचा वेळ बसवण्यात, खांदा सैल करण्यात, स्ट्रेचिंगमध्ये, समजावण्यात, पेशंट दमला म्हणून थांबण्यात जातो. आणि शिवाय कंटाळा. लाकडी ठोकळा इकडून उचलून तिकडे ठेवा हे शंभर वेळा करायला सांगून बघा कोणाला, तिसाव्या वेळी डोळे घड्याळाकडे जातात, आणि मन उडालं की हालचाल होते पण शिकणं होत नाही.

व्हीआर कामाला येतं ते इथे. समोर फुगे येतायत, हात पुढे करून फोडायचेत, प्रत्येक वेळी थोडं उंच, थोडं लांब, थोडं आतल्या बाजूला, फुटला की आवाज येतो, चुकला की दिसतं की किती इंचाने चुकला. वीस मिनिटांत दीडशे-दोनशे वेळा हात पुढे जातो आणि पेशंटला विचारलं तर म्हणतो "झाली का वेळ?" टाइमपास म्हणून मी हे वापरत नाही. माझ्यासाठी त्यात तीन गोष्टी आहेत: हालचालींची संख्या, प्रत्येक हालचालीनंतर लगेच मिळणारा निकाल, आणि अवघडपणा बारीक बारीक वाढवता येणं. ठोकळ्यांच्या सरावात मी लांबी वाढवली तर साधारण एक वीत वाढवते, सॉफ्टवेअरमध्ये दोन सेंटिमीटर वाढवता येते, आणि कमजोर हाताच्या बाबतीत दोन सेंटिमीटर हा फार मोठा फरक असतो. दहातले सात-आठ जमावेत आणि दोन-तीन चुकावेत इतपत अवघड मी ठेवते, सगळेच जमले तर मेंदूला काही नवीन करायचं कारण उरत नाही आणि सगळेच चुकले तर माणूस हात खाली टाकतो.

आता त्या "नीट"बद्दल.

मागे माझ्याकडे एक काका होते, बाबांसारखेच, उजवा हात, सहा महिने झालेले. हेडसेट आवडला त्यांना, रोज यायचे, समोरून येणारा चेंडू पकडायचा गेम होता. दोन आठवड्यांत स्कोअर दुप्पट झाला, घरचे खूश, काका खूश, आणि खरं सांगायचं तर मीपण खूश होते कारण त्या दिवसांत मी समोर उभी राहून स्क्रीनवर स्कोअर बघत होते. मग एकदा दुसऱ्या पेशंटला पाणी द्यायला म्हणून बाजूला गेले आणि तिथून काकांकडे नजर गेली. चेंडू आला, काकांनी कंबरेतून पूर्ण धड पुढे टाकलं, खांदा कानापर्यंत वर गेला, आणि कोपर जसं होतं तसंच, वाकलेलं, छातीजवळ. चेंडू पकडला गेला. हेडसेटच्या दृष्टीने हात चेंडूपर्यंत पोहोचला, पूर्ण मार्क. पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप, कोपर सरळ होणं, ते दोन आठवड्यांत एकदाही झालं नव्हतं. उलट धड टाकायची सवय इतकी पक्की झाली होती की घरी ग्लास उचलतानाही तेच करायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाठीला टेक असलेल्या खुर्चीत बसवलं, छातीवरून एक रुंद कापडी पट्टा खुर्चीला बांधला, आवळून नाही, फक्त पाठ सुटली की जाणवेल इतका. स्कोअर एकदम पडला. पहिल्या वीस चेंडूंतले तीन. काका नाराज झाले, मला म्हणाले ताई मशीन बिघडलंय. मी त्यांना मोबाइलवर आदल्या दिवशीचा बाजूने काढलेला व्हिडिओ दाखवला आणि त्यांना ते लगेच कळलं, पेशंटला फार लवकर कळतं हे, आपणच सांगत नाही. पुढचे सहा आठवडे आम्ही स्कोअर बघितलाच नाही, कोपर किती सरळ झालं ते मोजत होतो, गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी असते ती. पहिल्या आठवड्यात काही नाही, मग हळूहळू सरकायला लागलं. तेव्हापासून माझा नियम आहे की व्हीआर चालू असताना मी समोर उभी राहत नाही, पेशंटच्या कमजोर बाजूला उभी राहते आणि माझा एक हात त्यांच्या खांद्यामागच्या चपट्या हाडावर असतो.

तुम्हाला बाबांच्या सेशनला जाता आलं तर हे एवढंच बघा, पाठ टेकलेली आहे का, खांदा कानाकडे चाललाय का, कोपर सरळ होतंय का. थेरपिस्टचं लक्ष पेशंटकडे आहे की स्क्रीनकडे आहे. यावरून निम्मं कळेल.

अभ्यास काय म्हणतात हेही विचारलंत तर, इथे मला थोडं थांबून लिहायचंय कारण जाहिरातीत याची अर्धीच बाजू येते. २०१६ मध्ये लान्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी ट्रायल आली, कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड मिळून १४१ पेशंट, स्ट्रोक होऊन तीन महिन्यांच्या आतले. निम्म्यांना नेहमीच्या थेरपीबरोबर निन्टेंडो वी वर, म्हणजे हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचे, गेम दिले, निम्म्यांना तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ दिले. दोन आठवडे, एक एक तासाची दहा सेशन. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. म्हणजे पत्ते पिसणारा हात आणि रिमोट हलवणारा हात यात फरक निघाला नाही. काही लोक यावरून म्हणतात बघा व्हीआर फेल. मला त्यातून वेगळंच दिसतं, हात वापरायला लागणारा कुठलाही दहा तासांचा जास्तीचा सराव उपयोगी पडतो, आणि वी हा घरी धट्टीकट्टी माणसं खेळायला बनवलेला गेम होता, तो कमजोर हातासाठी बनवलेलाच नव्हता.

कॉक्रेन या, जगभरातल्या ट्रायल एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये ७२ ट्रायल आणि २४७० पेशंट एकत्र करून बघितले तर त्यातही हेच निघालं. नेहमीच्या थेरपीऐवजी तेवढ्याच वेळ व्हीआर दिलं तर हाताच्या कामात फारसा फरक नाही, नेहमीच्या थेरपीच्या वर जास्तीचं म्हणून दिलं तर फरक पडतो. २०२५ मध्ये त्यांनी हे परत केलं, आता १९० ट्रायल आणि सात हजारांवर पेशंट, आणि या वेळी दुसऱ्या थेरपीशी तुलना केली तरी हाताच्या बाबतीत व्हीआर थोडंसं पुढे निघालं. थोडंसं. हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणी तुम्हाला "दुप्पट वेगाने बरे होतात" वगैरे सांगत असेल तर त्यांना विचारा कशाच्या दुप्पट आणि काय मोजून.

म्हणून माझं मत असं की बाबांचं चालू फिजिओ कमी करून त्या जागी व्हीआर देत असतील तर घेऊ नका, चालू फिजिओ तसंच ठेवून वर अर्धा तास देत असतील तर जरूर घ्या.

एक गोष्ट लोकांच्या डोक्यात गोंधळलेली असते. व्हीआर म्हटलं की हेडसेटच असं नाही. समोर मोठा स्क्रीन, कॅमेरा अंगाची हालचाल टिपतो आणि स्क्रीनवर दिसते हाही प्रकार त्याच नावाखाली येतो, आणि वर सांगितलेल्या बऱ्याचशा ट्रायल याच प्रकारच्या साध्या सिस्टिमच्या आहेत. ट्रेडमिलसमोर स्क्रीन लावून चालायचा सराव हा तिसरा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात भक्कम कामांपैकी एक तिथलं आहे. पाच देशांत मिळून ३०२ वयस्कर माणसं घेतली, सगळी वारंवार पडणारी, बऱ्याच जणांना पार्किन्सन. सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा. एका गटाला नुसती ट्रेडमिल, दुसऱ्याला ट्रेडमिल आणि समोर स्क्रीनवर रस्ता, त्यात अडथळे येतात, पाय उचलून ओलांडायचे, दोन वाटांतली एक निवडायची. आधी सहा महिन्यांत माणशी अकरा-बारा वेळा पडत होती. ट्रेनिंगनंतरच्या सहा महिन्यांत नुसत्या ट्रेडमिलवाल्यांचं पडणं ८ च्या वर राहिलं, स्क्रीनवाल्यांचं ६ वर आलं. हे लान्सेटमध्ये २०१६ मध्ये आलं. कारण सरळ आहे, माणूस नुसता पायांच्या कमजोरीने पडत नाही, चालता चालता लक्ष दुसरीकडे गेलं की पडतो, आणि चालणं आणि लक्ष देणं या दोन्हींचा एकत्र सराव साध्या ट्रेडमिलवर होतच नाही. बाबा काठी घेऊन चालतात म्हणालात, तर हातापेक्षा आधी त्यांच्या चालण्यासाठी असं काही उपलब्ध आहे का हे मी विचारेन. पडून खुबा मोडला तर हाताची सगळी मेहनत मागे पडते.

दुखण्याच्या बाबतीत मात्र हेडसेटचं काम वेगळं आहे आणि तिथे खरोखर डोळे झाकले जाणं, दुसऱ्या जगात असणं याचाच फायदा होतो. अमेरिकेत सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी भाजलेल्या पेशंटसाठी हे सुरू केलं, ड्रेसिंग बदलताना पेशंट बर्फाच्या दरीतून जातो आणि बर्फाचे गोळे मारतो, आणि दुखणं खरंच कमी जाणवतं, कारण लक्ष ही मोजकीच असलेली गोष्ट आहे, ती तिकडे गेली की वेदनेच्या वाट्याला कमी येते. जुन्या कंबरदुखीसाठीच्या एका व्हीआर प्रोग्रामला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये मान्यता दिली, तो आठ आठवड्यांचा आहे, त्यात श्वास, शिथिलीकरण, वेदना समजून घेणं असं असतं. हात-पाय कापावा लागलेल्यांना नसलेल्या हातात कळा येतात, त्यासाठी मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात आरसा वापरला होता, चांगल्या हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं. त्याच वाटेने पुढे जाऊन २०१६ मध्ये १४ पेशंटवर काम झालं, उरलेल्या हाताच्या स्नायूंचे सिग्नल पकडून स्क्रीनवरचा हात हलवायचा, १२ सेशन, आणि ज्यांचं दुखणं इतर कशानेच हटलं नव्हतं त्यांचं बरंच कमी झालं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते मानदुखीवरच्या एका छोट्या प्रयोगाने. मान दुखणाऱ्या २४ जणांना हेडसेट लावून मान वळवायला सांगितली, दुखायला लागलं की थांबायचं. पण हेडसेटमधलं दृश्य खोटं बोलत होतं, कधी मान वळली त्यापेक्षा कमी वळल्यासारखं दाखवायचं, कधी जास्त. कमी दाखवलं तेव्हा लोक ६ टक्के जास्त वळवू शकले, जास्त दाखवलं तेव्हा ७ टक्के आधीच दुखायला लागलं. सांधा तोच, स्नायू तेच, फक्त डोळ्यांना काय दिसलं ते बदललं. तेव्हापासून हालचालीला घाबरणाऱ्या पेशंटसाठी मी हे विचार करून वापरते. खांदा दुखतो म्हणून हात उचलायलाच घाबरणाऱ्या एका आजींना आम्ही हेडसेटमध्ये खिडकीचे काचेचे तावदान पुसायला दिलं होतं, "हात वर करा" असा शब्दच वापरला नाही. त्यांचा हात त्यांच्या नेहमीच्या मर्यादेच्या वर गेला आणि त्यांना कळलंही नाही, काढल्यावर सांगितलं तर आधी विश्वास बसला नाही. पण हे करताना खांदा आधी तपासलेला होता, हे पुढे वाचताना लक्षात ठेवा.

कारण स्ट्रोकच्या पेशंटचा खांदा ही वेगळी भानगड आहे. स्नायू ढिले पडल्यामुळे सांधा थोडा खाली उतरलेला असू शकतो, आणि खांद्यामागचं हाड नीट फिरत नसताना हात जोरात खांद्याच्या वर नेला तर आतले टिश्यू दाबले जातात आणि मग महिनोन्महिने दुखत राहतं. गेममध्ये माणूस जोशात येतो, दुखलं तरी एक चेंडू अजून म्हणून हात टाकतो. म्हणून बाबांसाठी सुरुवातीला सगळे टार्गेट खांद्याच्या उंचीच्या खाली ठेवा असं थेरपिस्टला आवर्जून सांगा, चांगला थेरपिस्ट ते आधीच करेल.

चक्कर आणि मळमळ, हे विचारलं नाहीत तरी सांगते कारण पहिल्याच दिवशी त्रास झाला तर पेशंट परत हेडसेट लावत नाही. डोळ्यांना दिसतं की आपण पुढे चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण बसलोय, हे भांडण झालं की मळमळतं. डोकं हलवल्यावर चित्र हलायला उशीर लागला तरी तेच, वीस मिलिसेकंदांच्या आत चित्र हलावं अशी अपेक्षा असते, आताचे चांगले हेडसेट तिथे पोहोचलेत. म्हणून सुरुवातीला असा प्रोग्राम निवडायचा जिथे पेशंट एका जागी बसलेला आहे आणि वस्तू त्याच्याकडे येतात, पेशंटच उडत किंवा पळत जातोय असं काही नको. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, बस. नंतर दहा. हेडसेट साधारण अर्धा किलोचा असतो, तो पुढच्या बाजूला जड असतो, मानेची ताकद कमी असेल तर मान पुढे झुकते. काढल्यावर दोन मिनिटं बसवून ठेवायचं, लगेच उभं करायचं नाही, मी हे एकदा घाईत केलं आणि पेशंट माझ्या अंगावर कोसळता कोसळता वाचला, दोघांचंही नशीब.

काही जणांना लावायचाच नाही. स्ट्रोकनंतर फिट आलेली असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. ऑपरेशनमध्ये कवटीचं हाड काढलेलं असेल आणि अजून बसवलं नसेल तर पट्टा डोक्यावर आवळायचा प्रश्नच नाही. नीट समजत नाही, भ्रम होतो, भास होतात अशा अवस्थेत तर अजिबात नको, त्या माणसाला आपण अजून एका खोट्या जगात ढकलतो. आणि एका बाजूचं दिसत नसेल किंवा त्या बाजूकडे लक्षच जात नसेल, ताटातलं अर्धंच खातात, दाराच्या चौकटीला एका बाजूने धडकतात असे पेशंट, तर त्यांच्यासाठी व्हीआर चांगलं आहे पण ते वेगळ्या पद्धतीने, वस्तू हळूहळू त्या बाजूला सरकवत न्यायच्या, हे सेटिंग ज्याला माहीत आहे त्यानेच करावं. बाबांची उजवी बाजू गेली म्हणजे स्ट्रोक मेंदूच्या डाव्या बाजूला, तर बोलण्या-समजण्यावर परिणाम झालेला असू शकतो, तसं असेल तर गेममधल्या तोंडी सूचना बंद करून आधी हाताने करून दाखवायचं.

आता घरी आणायचं का. माझं उत्तर, बाबांच्या आत्ताच्या अवस्थेत नको. एक मोठं कारण बोटांचं आहे. बोटं मिटतात पण उघडत नाहीत, आणि बाजारातल्या हेडसेटबरोबर येणारा कंट्रोलर हातात घट्ट धरायचा असतो. मग घरचे काय करतात, कंट्रोलर हातात देऊन वरून पट्टी गुंडाळतात. म्हणजे जी मूठ आपल्याला सोडवायचीय तीच मूठ आपण अर्धा तास आवळून ठेवायची सोय करतो, आणि अंगात जोर आला की बोटं अजून कडक होतात. कंट्रोलरशिवाय, कॅमेऱ्याने हात ओळखणारे हेडसेट आहेत, पण ते उघड्या हातावर शिकलेले असतात, मिटलेली मूठ, अंगठा आत गेलेला, असा हात त्यांना बऱ्याचदा दिसतच नाही, मधेच गायब होतो, आणि पेशंटला वाटतं माझाच हात चालत नाही. तो क्षण मी पाहिलाय, स्क्रीनवरचा हात नाहीसा झाला आणि पेशंट आपल्या मांडीवरच्या हाताकडे बघत गप्प बसला. अशा वेळी लगेच सांगावं लागतं की चूक कॅमेऱ्याची आहे. थेरपीसाठी बनवलेल्या सिस्टिममध्ये मनगटावर पट्टा बांधून सेन्सर लावतात, बोटं मोकळी राहतात, बाबांना तशी हवी. दुसरं म्हणजे घरी बाजूला उभं राहून खांदा आणि धड बघणारं कोणी नसतं, आणि बाजारातले गेम धडधाकट माणसाच्या वेगाने चालतात.

सहा-आठ आठवड्यांनी कोपर नीट सरळ व्हायला लागलं, बोटं थोडी उघडायला लागली, आणि तुमच्यापैकी एकाला सेशनमध्ये बसून सगळं शिकून घेता आलं, तर मग घरचा विचार करा, तोही बसूनच, हँडल असलेल्या खुर्चीत, समोरचं टेबल दूर सारून, आणि कोणीतरी शेजारी असतानाच.

एक गोष्ट मात्र हेडसेट कधीच देऊ शकत नाही, ती म्हणजे वस्तूचं वजन आणि स्पर्श. हेडसेटमधला ग्लास उचलताना बोटांना काही लागत नाही, त्यामुळे ग्लास जवळ येताना बोटं किती उघडायची, किती जोराने धरायचं, हे हाताला शिकायला मिळत नाही. शिवाय अंतर थोडं कमी वाटतं, म्हणून तिथला हात खऱ्या हातापेक्षा जरा अडखळत जातो. यावर माझी पद्धत अशी की हेडसेट काढला की दोन मिनिटं बसवायचं आणि लगेच त्याच दिशेला, तेवढ्याच अंतरावर खरी वस्तू ठेवायची, प्लास्टिकचा ग्लास, घडी केलेला टॉवेल, रिमोट, आणि तीच हालचाल वीस-पंचवीस वेळा खऱ्या वस्तूवर करून घ्यायची. हात तेव्हा जागा झालेला असतो, ती वेळ वाया घालवायची नाही. ज्या ठिकाणी हेडसेट काढल्या काढल्या पेशंटला घरी पाठवतात तिथे अर्धं कामच होतं असं मी मानते.

सेंटरला विचारायचं तर हे विचारा की सुरुवातीला हाताचं फ्युगल मेयर किती आलं, ही ६६ मार्कांची हाताची तपासणी असते, स्ट्रोकच्या हातासाठी जगभर वापरतात, आणि सहा आठवड्यांनी परत कधी करणार. चार-पाच मार्कांच्या वर फरक पडला तर तो पेशंटला जाणवण्यासारखा असतो. गेमचा स्कोअर दाखवून प्रगती झाली म्हणत असतील तर तो बाजूला ठेवायला सांगा. आणि घरी तुम्ही स्वतः एक वही करा, दिवसभरात उजवा हात आपणहून किती वेळा पुढे आला, दार ढकलायला, कागद दाबून धरायला, टॉवेल पकडायला, नुसत्या रेघा मारा.

आणि या आठवड्यात एक करा. बाबांना टेक असलेल्या खुर्चीत बसवा, समोर टेबलावर रिकामा ग्लास त्यांच्या हाताच्या लांबीच्या जरा आत ठेवा, आणि उजव्या हाताने त्याला फक्त हात लावायला सांगा, दहा वेळा. तुम्ही उजव्या बाजूला, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर मोबाइल धरून व्हिडिओ काढा. पाठ खुर्चीवरून कितव्या वेळी सुटते ते बघा. तो व्हिडिओ पहिल्या व्हीआर सेशनच्या आधी थेरपिस्टला दाखवा, आणि सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीत, त्याच ग्लासने परत काढा.